भांड्यांसाठी राख

प्रिय माय,

आबा माझ्या घरात आहेत आणि मी बाहेरून कडी घातली आहे. जिन्याच्या पायरीवर बसून पाठकोऱ्या कागदावर तुला लिहिते आहे.

मी माझ्या बापाला कोंडलं आहे. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

उद्या सकाळी सराई पाडायला यंत्र येणार आहे. जे उरलं आहे ते, म्हणजे वेस, तिच्या लगतच्या कमानी आणि मागची भिंत. धोकादायक आहे म्हणे. आबांना हे आज कळलं. त्यांनी टोपी घातली, चपला घातल्या आणि "येतो," एवढंच म्हणाले. कुठे जाता विचारलं तर माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्या आधी बाहेर पडले आणि कडी सरकवली.

त्यांनी दार वाजवलेलं नाही. हाक मारलेली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं! तुला त्यांचं ओरडणं माहीत आहे, हे गप्प बसणं माहीत नाही. ते तू गेल्यानंतर सुरू झालं.

तुला अजून कुणी सांगितलं नसेल. आपली सराई जळाली, माय.

आपली लोकर सराई. निजामाच्या काळातली म्हणून आता सगळे हळहळतात. त्या दिवसापासून इतके लोक येऊन फोटो काढून गेले, इतके लोक "वारसा, वारसा" म्हणाले की मला वाटलं, हे सगळे आधी कुठे होते? तू हयात असताना वेशीच्या दारात बसून घोंगड्यांच्या दशा वळायचीस, तेव्हा शेजारच्या गल्लीतले लोकसुद्धा विचारायचे, आत काय आहे? तू म्हणायचीस, "लोकर हाय आन आमी हाव."

सागवानी छत पूर्ण गेलं. मधल्या चौकातली दगडी हौदाची कड तडकली. वेशीवरची आपली खोली, जिथे मी जन्मले, तिची जमीन खाली आली. तुझी चूल आता खालच्या ढिगात कुठेतरी आहे. घोंगड्या बऱ्याच वाचल्या, खरं वाटेल का तुला? बाहेरून काळ्या झाल्या, आतून धड. तू म्हणायचीसच, लोकर लवकर पेटत नाही, पोती पेटतात.

पोतीच पेटली.

मी कॉलेजात तास घेत होते. फोन सलीमचाचांचा होता. वेशीसमोरच्या चहाच्या टपरीतून त्यांनी मला आयुष्यात कधी फोन केला नव्हता. ते म्हणाले, "मंदा बेटा, घबरा नक्को. बापू मेरे पास बैठे हैं. सही सलामत हैं. तू बस आ जा." घाबरू नको म्हटल्यावर माणूस घाबरणार नाही तर काय करणार? मी रिक्षात बसले तेव्हा उस्मानपुऱ्यातूनच धूर दिसत होता. रिक्षावाला म्हणाला, "काय जळतंय म्हणायचं?" मला माहीत होतं.

आता तुला सांगते, सगळं जळेपर्यंत कुणी आग विझवणाऱ्यांना का बोलावलं नाही. कारण त्या दिवशी धुरी होती.

तुला वाटेल, बरोबर आहे, लोकर कातरून आली की धुरी असायचीच. लोकरीला कसरीचे किडे लागू नयेत म्हणून घोंगड्या दोरीवर टांगायच्या, दारं लावायची, मधोमध घमेल्यात गोवऱ्या आणि कडुनिंबाचा पाला पेटवायचा. छताच्या झरोक्यांतून धूर निघायचा. सगळ्या मोहल्ल्याला सवय होती. बायका वाळत घातलेले कपडे काढून घ्यायच्या आणि एकमेकींना सांगायच्या, सराईत धुरी आहे. त्या दिवशीही कपडे काढले. त्या दिवशीही हेच सांगितलं. धूर वाढला तरी हेच सांगितलं.

आणि आबा! माय, हे मला चाचांनी नंतर एकटीला गाठून सांगितलं. आबा टपरीत बाकावर बसून चहा पीत होते. चाचा म्हणाले, "बापू, आज धुरी जरा जादा नै हो गई?" आबांनी वर बघितलं. आपल्या सराईच्या छतातून धूर उसळत होता. आबा म्हणाले, "यंदा धरलीय चांगली."

मग त्यांनी आणखी अर्धा कप मागितला.

अग्निशामक दलाची माणसं म्हणाली, वायर जळाली असावी. जुनी वायर होती, ते खरंच आहे. तूच सांगायचीस, पावसाळ्यात बटणाला हात लावला की मुंग्या येतात. त्यांनी तसं म्हटल्यावर मी भर रस्त्यात देवाला हात जोडले. का जोडले? ज्याची खात्री आहे तो असे हात जोडतो का?

तेव्हापासून मला भीती वाटते. आगीची नव्हे. ती विझली. मला एका प्रश्नाची भीती वाटते. कुणी तरी सहज, चहा पिता पिता आबांना विचारेल: बापू, धुरी विझवली कुणी?

कारण मला माहीत आहे ती कुणी विझवली. कुणीच नाही.

आबांची धुरी केवढी मानाची! ते अंघोळ करून यायचे, स्वच्छ धोतर नेसायचे. कुणाला घमेल्याला हात लावू द्यायचे नाहीत. धूर विरळ व्हायला लागला की दारं उघडायचे, हात झटकायचे आणि रस्ता ओलांडून चहाला जायचे. काम झालं. आणि ते पलीकडे गेले की तू डबा आणि उलथनं घेऊन आत शिरायचीस. भांड्यांसाठी राख.

रोजच्या चुलीत राख मिळत नव्हती का तुला? धुरीची राख मऊ असते, पितळ चांगलं निघतं, असं तू सगळ्यांना सांगायचीस. आबांना, चाचांच्या बायकोला, मला.

मी लहान असताना एकदा तुझ्यामागे आले. तू घमेल्याजवळ उकिडवी बसली होतीस. राख पसरून तिच्यावर तळवा ठेवला होतास आणि नुसती बसून होतीस. मी म्हटलं, माय, ने ना राख, भूक लागली. तू माझा हात धरलास आणि राखेत दाबलास. मी किंचाळले! तू म्हणालीस, "वरनं गार लागती. वरचं बघून उठायचं नाय." मग किती वेळ बसलो होतो आपण! तू पाणी शिंपडायचीस, पुन्हा पसरायचीस, पुन्हा तळवा ठेवायचीस. आसपासची पोती हाताने चाचपायचीस, दोरीवरच्या दशा झटकायचीस. उठताना म्हणालीस, "आबांना बोलू नगं. त्यांना वाटंल, बायको आपल्या मागं तपासत फिरती."

मी नाही बोलले. कधीच नाही. मला वाटलं, नवराबायकोंमधली गंमत आहे. आबांना ठाऊक असणार आणि ते ठाऊक नसल्यासारखं करत असणार. तशी किती घरं असतात.

त्यांना ठाऊक नव्हतं, माय. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, धुरी आपोआप विझते.

तू का सांगितलं नाहीस? एकदा भांडण झालं असतं. ताट आपटलं असतं त्यांनी, दोन दिवस बोलले नसते. पण कळलं असतं! तू त्यांचा मान राखलास आणि जाताना ते काम कुणाच्या हातात न देता निघून गेलीस. मला सांगून गेली असतीस तरी चाललं असतं. दवाखान्यात तू मला तुळशीचं सांगितलंस, तुझ्या दत्ताच्या मुलीच्या कानातल्यांचं सांगितलंस. राखेचं का नाही सांगितलंस? की तुलाही ते इतकं नेहमीचं झालं होतं की काम म्हणून आठवलंच नाही?

रागावू नकोस. घाबरलेलं माणूस असंच बोलतं.

तू गेल्यावर आबा सराई सोडून आले नाहीत, हे तर तू ओळखलंच असशील. वरच्या खोलीत एकटे राहिले. दत्ता बजाजनगरहून सुट्टीच्या दिवशी यायचा. त्याने त्यांना घासायची तारेची जाळी आणि साबणाची वडी आणून दिली. आबा मला कौतुकाने म्हणाले होते, "लई सोपं हाय ग. तुझी माय उगं राखंत हात घालायची." मी हसले होते. मी त्यावर हसले होते, माय.

आग लागली त्या दिवशीची धुरी ही तू गेल्यानंतरची पहिलीच.

मी दत्ताला हे सगळं सांगितलं. तो कंपनीतून पाळी संपवून आला होता, डोळे लाल होते. तो म्हणाला, "ताई, वायर जळाली. लोकांनी सांगितलं ना? मग कशाला उकरती?" म्हटलं, मला तसं वाटतं म्हणून. तो म्हणाला, "तुला वाटतंय. त्यांना कळलं तर ते राहतील का?" मग तो आत जाऊन आबांच्या शेजारी बसला आणि त्यांना मोबाइलवर कुस्ती दाखवत बसला.

म्हणून मी आबांची वाक्यं पुरी करायला लागले. भेटायला कुणी आलं आणि "नेमकं झालं कसं?" म्हणालं की आबा तोंड उघडायच्या आधी मी म्हणते, वायर. मग चहा विचारते, मुलाबाळांचं विचारते. आबा माझ्याकडे बघतात. एकदा कुणी वर्तमानपत्रातला मुलगा आला होता. त्याने विचारलं, बाबा, त्या दिवशी तुम्ही आत काय करत होता? मी म्हटलं, त्यांना ऐकू कमी येतं. तो गेल्यावर आबा म्हणाले, "मला कवापास्नं कमी ऐकू यायला लागलं?"

आणि घरात काय चाललं आहे माझं! गॅसची कळ बंद केली की पुन्हा बघते. वर्गात शिकवता शिकवता ती आठवते. शेजारच्या काकू संध्याकाळी डासांसाठी कडुनिंब जाळतात. परवा तो वास आला आणि मी चपला न घालता त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. त्या म्हणाल्या, काय झालं हो? मी म्हटलं, कोथिंबीर आहे का? त्यांनी दिली. ती हातात धरून मी जिन्यात रडले.

गेल्या आठवड्यापासून आबा दुपारी नाहीसे व्हायला लागले. बागेत जातो म्हणायचे. बागेत नव्हते. मी सराईवर गेले.

वेशीला पट्टी बांधली आहे, आत जाऊ नये म्हणून. आबांच्या चपला पट्टीच्या अलीकडे काढून ठेवलेल्या होत्या, देवळाबाहेर ठेवाव्यात तशा. ते आत होते, साठवणीच्या खोलीत. तिला आता छत नाही. एक अर्धी जळालेली तुळई भिंतीतून बाहेर लोंबते आहे. तिच्या बरोबर खाली आबा उकिडवे बसले होते. समोर घमेलं होतं. त्यात पाऊस पडून राखेचा चिखल वाळला होता आणि आबांचा हात त्यात होता.

मी खोलीच्या उंबऱ्यापाशीच थांबले.

"आबा, बाहेर या."

"हितं काय हाय?"

"वर तुळई लोंबतेय! पडेल ती."

"माझ्या वळखीची हाय ती."

"आबा!"

"वरडू नगं. वरडल्यानं पडंल."

मग त्यांनी हात बाहेर काढून तळवा पाहिला आणि मला विचारलं, "तुझी माय हितं बसायची न्हवं? मी चहाला गेलो की?"

"व्हय."

"काय करायची?"

माझ्यासमोर ते आणि त्यांच्या डोक्यावर ती तुळई. त्या क्षणी खरं सांगितलं तर ते उठणार नाहीत, असं मला वाटलं. तिथेच बसून राहतील. हीच भीती आहे माझी, माय. आगीने नेलं नाही त्यांना, पण ते स्वतःहून त्या भिंतीखाली बसून राहतील.

"राख न्यायची," मी म्हटलं.

"कशाला?"

"भांड्यांना."

"भांड्यांना," आबा म्हणाले. ते उठले. वरून थोडी माती पडली, त्यांच्या खांद्यावर. त्यांनी ती झटकली नाही. बाहेर येऊन चपला घातल्या आणि माझ्याआधी रिक्षाला हात केला.

त्यानंतर त्यांनी मला काहीही विचारलेलं नाही. आणि आज उद्याच्या यंत्राची बातमी आली आणि ते "येतो" म्हणाले. आता तूच सांग, मी कडी घालू नको तर काय करू?

*

माय, मधेच उठावं लागलं. आता हे आतून लिहिते आहे, स्वयंपाकघरातल्या फळीवर कागद ठेवून. घाईत लिहिते आहे, अक्षर लागेल ना तुला?

मी पायरीवर बसले होते आणि करपल्याचा वास आला. आधी वाटलं, नेहमीसारखं मला भासतंय. मग दाराच्या फटीत नाक लावलं. वास आतूनच येत होता. माय, आत आबा होते आणि कडी मी घातली होती!

ती कडी निघेना. रोज उघडते मी ती. मी "आबा, आबा" ओरडत होते, काकू दार उघडून बघत होत्या, आणि आतून आबांचा आवाज आला, अगदी सावकाश, "आगं वर उचल आन मग वढ."

स्वयंपाकघरात ते गॅसपुढे उभे होते. पातेल्यात दूध करपून खाली बसलं होतं. कळ बंद होती. मी पुन्हा बघितली, बंद होती. आबांची टोपी अजून डोक्यावर होती. त्यांनी डावा तळवा बर्नरवर धरला होता, टेकवला नव्हता, वरच्यावर धरून ते थांबले होते.

मी त्यांचा हात ओढायला गेले.

"थांब," ते म्हणाले. "भाजतंय अजून."

आम्ही थांबलो. काकू दारातून डोकावून गेल्या. दुधाचा वास होता सगळीकडे. मग त्यांनी तळवा हळूच खाली टेकवला आणि तिथेच ठेवला.

"भांड्यांना येवढी राख लागत नसती, मंदे," ते म्हणाले.

मी करपलेलं पातेलं उचलून नळाखाली धरलं.

"मला का नाय सांगितलं तिनं?"

तोच प्रश्न, माय! तुझ्या पत्रात मी वर जो लिहिला तोच. तुला विचारणं सोपं होतं. उत्तर मला द्यावं लागलं.

"तुम्ही चिडला असता," मी म्हटलं.

त्यांनी विचार केला. खरंच केला, मी बघत होते.

"व्हय," ते म्हणाले. "लई चिडलो असतो." आणि त्यांना हसू आलं. तू गेल्यापासून पहिल्यांदा. ते हसू पूर्ण व्हायच्या आत त्यांचा चेहरा विस्कटला आणि ते ओट्याला धरून उभे राहिले. मी त्यांची टोपी काढून घेतली. दुसरं काही सुचलं नाही.

मग मी विचारलं, "मघाशी कुठे निघाला होता?"

"सलीमकडं."

"सराईत नाही?"

"सराईत काय ठिवलंय? सलीमला सांगायचं हुतं. ती धुरी नीट विझली नव्हती म्हनून. वायर जळाली आसंल बी. पन मी बगितलं नव्हतं, येवढं तरी सांगाया पायजे का नाय? मी त्याच्या बाकावर बसून मोठेपना केला."

मला वाटलं होतं, त्यांना भिंतीखाली बसायचं आहे. त्यांना फक्त बोलायचं होतं, आणि मी प्रत्येक वेळी त्यांच्या तोंडातून वाक्य काढून घेत होते.

आता ते आत आडवे झाले आहेत. पातेलं मी भिजत घातलं आहे. माझी भीती गेली असं तुला सांगू का? नाही गेली. ते सांगतील आणि चाचा चार लोकांना सांगतील. मग कुणी तरी पोलिसात जाईल का? लोक त्यांच्याकडे बोट दाखवतील का, की शहराची एवढी जुनी वास्तू या म्हाताऱ्याने जाळली? आणि ऐकल्यावर चाचा नुसते गप्प बसले, तर आबांना ते सोसेल का? मला काहीच माहीत नाही. दत्ताला अजून फोन केलेला नाही. त्याचीही भीती वाटते.

पण दाराला कडी नाही, माय. दार नुसतं लोटलेलं आहे.

उद्या मी त्यांना घेऊन जाणार आहे. पट्टीच्या आत त्यांना जाऊ देणार नाही, त्यासाठी हात धरून ठेवावा लागला तरी चालेल. आम्ही टपरीतल्या त्याच बाकावर बसू. भिंत पडेल तेव्हा तू वेशीत बसायचीस ती जागा मी बघत राहीन, डोळे मिटणार नाही. आणि आबा चाचांना सांगायला लागले की मी मधे बोलणार नाही. ते अडखळले तरी नाही. एखादा शब्द सापडला नाही तरी नाही. तो त्यांचा त्यांना सापडेपर्यंत मी थांबेन.

तू थांबायचीस तशी. राखेवर तळवा ठेवून.

तुझी,
मंदा